मुलांची फिर्याद

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघी हे गाव १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दी नबाबाच्या जंजिरा संस्थानात मोडत होते. आणि आजही तेथील धक्क्यावर उभे राहिले असता वायव्येस पाण्यातला तो किल्ला, समोर आगरदांडा, मधून वाहने नि माणसे घेऊन ये-जा करणारी जंगलजेट्टी आणि मोठ्या जहाजांसाठी उभारलेले नवे बंदर अशी तीन-चार शतके एकाच दृष्टिक्षेपात सामावतात. या किनाऱ्यावरची वस्तीही अशीच थरांवर थर साचत आलेली आहे. दर्यावर पोट असलेले कोळी, खलाशीपणाची आणि आखाती नोकरीची परंपरा असलेली मुसलमान कुटुंबे, डोंगरउतारावर भात नि नाचणी पिकविणारे कुणबी, वाडीवरचे कातकरी आणि बंदराच्या कामासोबत परप्रांतातून आलेले मजूर, असे सारे येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यांत दिघीचेही नाव असल्यामुळे या थरांत पुढे आणखी भर पडणार, हे उघड आहे. या सर्वांची मुले एका बाकावर बसतात ही मी या किनाऱ्याची फार मोठी मिळकत मानतो. आणि म्हणूनच त्या बाकावर प्रत्यक्षात काय चालते याची चौकशी करण्याचे काम, जे गावाने, शिक्षकांनी आणि आईबापांनी आजवर एकमेकांवर ढकलले, ते मला अत्यंत अगत्याचे वाटते.

एक मूल दुसऱ्या मुलाला दिवसामागून दिवस छळते, बाकीची मुले ते पाहतात आणि मोठी माणसे 'पोरांचे चालायचेच' म्हणून सोडून देतात, हा प्रकार आपल्याकडे इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याची कोठे नोंद करावी असे कोणाला वाटत नाही. शाळेच्या दप्तरी हजेरी असते, गुणपत्रक असते, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब असतो. ज्या मुलाने महिनाभर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पाऊल टाकले नाही, त्याची नोंद मात्र कोठेच नसते. या विषयावर जे बोलले जाते तेही बहुतेक सारे छळल्या जाणाऱ्या मुलालाच उद्देशून असते: धीट हो, घाबरू नकोस, तोंडाला तोंड दे, आम्हांला येऊन सांग. हा उपदेश खोटा नाही. परंतु ज्या शाळेत ऐकून घेणारा कोणी सिद्ध केलेला नाही, ऐकल्यावर काय करायचे याचा शिरस्ता ठरलेला नाही आणि पाहणाऱ्या वीस-पंचवीस मुलांना त्यांचे कर्तव्य कोणी शिकविलेले नाही, तेथे त्या एकट्या मुलाला 'सांग' म्हणणे ही त्याची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तो धीर एकवटून एकदा सांगतो, त्याचे काही होत नाही, आणि मग तो आयुष्यात पुन्हा कोणाला काही सांगत नाही.

प्रथम ओळखण्याचा प्रश्न. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि पुढे नॉर्वेतील बर्गेन येथे संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला आणि छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखविण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. यांतले तिसरे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण बळ म्हणजे केवळ दंडाचे बळ नव्हे; संख्येचे बळ असते, वयाचे असते, वडिलांच्या हुद्द्याचे असते, शुद्ध मानल्या गेलेल्या भाषेचे असते. दहा वर्षांच्या मुलाला ही परिभाषा कळणार नाही, पण लपंडावातले 'राज्य' त्याला पक्के ठाऊक असते. आज ज्याच्यावर राज्य आले तो उद्याच्या डावात लपायला मोकळा, हा खेळाचा कायदा आहे. ज्या खेळात राज्य रोज एकाच मुलावर येते, तो 'टाइम प्लीज' म्हणाला तरी डाव थांबत नाही आणि डाव संपल्यावर बाकीचे हसत घरी जातात पण तो हसत नाही, तो खेळ नव्हे, हे कोणतेही मूल चटकन जाणते. आईबापांनी रात्री जेवताना एवढेच विचारावे की आज राज्य कोणावर होते, आणि काल कोणावर होते. उत्तर सलग आठवडाभर एकच आले तर पुढे काय विचारायचे ते त्यांचे त्यांना समजेल.

मोठ्यांना मात्र हा खेळ नव्हे हे सहसा कळत नाही, याचे एक कारण असे की छळला जाणारा मुलगा पुष्कळदा स्वतः हसत असतो. बोर्ली पंचतनकडून दिघीच्या बाजूला येणाऱ्या संध्याकाळच्या एस. टी.त मागच्या बाकांवर काय चालते ते कोणीही बसून पाहावे. एका सडपातळ पोराचे दप्तर वरच्या वर हातोहात फिरत असते. कोणी त्यातला डबा उघडून नाकाला रुमाल लावतो, कोणी 'बोंबील, बोंबील' अशी हाळी देतो, आणि तो पोरगा दात दाखवीत हसत असतो. त्याच्याकडे जरा नीट पाहिले तर दिसते की हसू ओठांवर आहे, डोळे मात्र दप्तराच्या मागोमाग या बाकावरून त्या बाकावर धावत आहेत, आणि दप्तर हाती येताच तो पट्ट्याला दोन्ही हातांनी असा घट्ट धरतो की बोटांची पेरे पांढरी पडतात. पुढे बसलेल्या प्रौढांपैकी एखादा मागे वळून 'काय रे गोंधळ' म्हणतो, म्हणजे त्यालाही जे दिसते ते गोंधळच असते. तो पोरगा हसतो ते अशासाठी, की रडला तर उद्या ते दुप्पट होईल हे तो अनुभवाने शिकला आहे. आमच्या मुलाला काही वाटत नाही, तोही हसतो, असे जे पालक आणि शिक्षक सांगतात त्यांनी हे हसू एकवार जवळून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या डब्याला नाक मुरडण्याची गोष्ट इथेच सोडून देता येत नाही. ज्याचा बाप होडीवर जातो त्याच्या डब्याला वास येतो असे म्हणणारे पोर ते म्हणणे पोटातून घेऊन आलेले नसते. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, ओटीवरच्या गप्पांत त्याने ते ऐकलेले असते. परप्रांतीय मजुराच्या मुलीच्या मराठी बोलण्याची नक्कल, कातकरी पोराच्या शेजारी बसण्याची नाखुशी, मुसलमान वर्गबंधूला सणासुदीच्या दिवसांत मुद्दाम विचारलेला खोचक प्रश्न, या साऱ्यांचे मूळ मोठ्यांच्या जगात आहे. छळासाठी मूल निवडले जाते ते यदृच्छेने क्वचितच. समाजाने ज्या रेषा आखून ठेवलेल्या असतात त्यांवरच पोरे पाऊल टाकतात.

दिघी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्या बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण या संदर्भात स्मरल्यावाचून राहत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, आणि तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वर्गात बसण्यासाठी त्यांना स्वतंत्र गोणपाट आणावे लागे, ते रोज घरी परत न्यावे लागे, आणि नळाची तोटी त्यांनी शिवायची नसल्यामुळे शिपाई हजर नसला तर तहानलेले राहावे लागे. अस्पृश्यता ही शाळकरी छळापेक्षा अमर्याद मोठी अन्यायाची व्यवस्था होती आणि तिला या सदराखाली बसविणे अनुचित ठरेल. परंतु पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घडलेला एक प्रसंग त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविला आहे, तो आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तोच वर्गातील मुले एकच गलका करून फळ्याकडे धावली. कारण त्यांचे खाण्याचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते आणि या मुलाच्या सान्निध्याने ते विटाळतील अशी त्यांची समजूत होती. फळ्यापर्यंत पोहोचायला त्या विद्यार्थ्याला किती पावले टाकावी लागली असतील आणि तेवढ्या अवधीत चाळीस-पन्नास डोळ्यांसमोर त्याच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना करून पाहावी. त्या मुलांना कोणी तसे फर्मान दिले नव्हते, आणि शिक्षकाने तर उलट त्याला सन्मानाने पुढे बोलाविले होते. घरोघरी जे शिकविले गेले होते ते मुलांनी एका क्षणात, एकदिलाने, आज्ञेवाचून अमलात आणले.

याच चरित्रात दुसरीही नोंद आहे: साताऱ्याच्या शाळेतील आंबेडकर नावाचे ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातले अन्न या विद्यार्थ्याला रोज देत. व्यवस्था त्यांच्या हातून बदलली नाही, परंतु त्या शाळेत आपला एक वाली आहे ही जाणीव त्या मुलाच्या मनात आयुष्यभर टिकली. एका प्रौढ माणसाचे महत्त्व किती असते ते यावरून दिसते, आणि एका माणसाच्या चांगुलपणावर सारा भार टाकणे किती अपुरे असते तेही दिसते.

म्हणून मी पाहणाऱ्यांकडे वळतो. टोरांटोच्या शाळांच्या क्रीडांगणांवर दुरून चित्रीकरण करून हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग या संशोधकांनी २००१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते मननीय आहेत: छळाच्या १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगी इतर मुले तेथे उपस्थित होती, त्यांपैकी कोणी मध्ये पडल्याचे प्रसंग अवघे १९, परंतु जेव्हा कोणी मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे १०० पैकी ५७ वेळा, दहा सेकंदांच्या आत तो प्रकार थांबला. दहा सेकंद! आपण ज्याला मुलांच्या स्वभावातला अपरिहार्य दोष समजतो तो एका सवंगड्याच्या एका वाक्याने इतक्या अल्पावधीत थांबू शकतो, आणि तरीही ते वाक्य उच्चारले जात नाही, कारण ते उच्चारायचे असते हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली दाखवून दिले की पाहणारी मुले सगळी सारखी नसतात. कोणी छळणाऱ्याचा हस्तक असतो, कोणी हसून त्याला चढवितो, कोणी नजर खाली घालून दूर होतो, आणि थोडे पीडिताच्या बाजूने उभे राहतात. हसणारा आणि नजर खाली घालणारा हे दोघे पुष्कळदा मनातून अस्वस्थ असतात. शिक्षणाचे खरे क्षेत्र तेथे आहे.

त्यांच्याकडून पराक्रमाची अपेक्षा करू नये. 'त्याचे दप्तर दे रे' एवढे म्हणणे, छळल्या जाणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसणे, त्याला आपल्या डावात घेणे, धावत जाऊन बाईंना बोलावणे, संध्याकाळी त्याच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत जाणे, या गोष्टी कोणत्याही मुलाला जमतील, परंतु त्यांचा सराव हवा. कोकणातल्या गावाला नाटक कसे बसवावे हे सांगायला नको; स्नेहसंमेलनासाठी जी मुले महिनाभर तालमी करतात त्यांना वर्गातच दहा मिनिटांचा प्रवेश बसवून, एकाने दप्तर हिसकावण्याचे, दुसऱ्याने बघण्याचे आणि तिसऱ्याने ते वाक्य म्हणण्याचे काम देऊन, मग भूमिका बदलून पुन्हा करविता येईल. प्रसंग ओढवला म्हणजे तोंडाला कोरड पडते, आणि अशा वेळी सरावाने जिभेवर बसलेले वाक्यच उपयोगी पडते. छळल्या जाणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे. ताठ उभे राहून, आवाज न चढविता 'हे मला नको आहे, थांबव' असे म्हणणे, लगेच तेथून निघून माणसे असतील तिकडे जाणे आणि त्याच दिवशी घरी सांगणे, इतका मार्ग त्याच्या हातात असावा. 'तूही दोन ठेवून दे' हा उपदेश मी त्याज्य मानतो, कारण बळाची विषमता हाच जेथे छळाचा पाया आहे तेथे दुबळ्याला मारामारीचा सल्ला देणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मार खायला पाठविणे होय, आणि तो चुकून जिंकलाच तर शाळेच्या चौकशीत अपराधी तोच ठरतो.

आता ऐकणाऱ्यांविषयी. कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. त्यातील व्याख्येत चिडविणे, धमकावणे आणि लाज वा भीती उत्पन्न करणे यांचा समावेश आहे. संस्थाप्रमुखाने तक्रारीची सात दिवसांत चौकशी करावी, आणि त्याने कसूर केली तर ते अपराधाला साहाय्य समजावे, असेही तो सांगतो. परंतु त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि शाळेतून बडतर्फी अशी असल्यामुळे बारा वर्षांच्या पोराविरुद्ध ते शस्त्र उचलायला कोणी मुख्याध्यापक धजत नाही, धजूही नये. आणि मग तो दुसऱ्या टोकाला जाऊन तक्रार कागदावर येऊच देत नाही. या दोहोंच्या मधली जागा भरण्याची यंत्रणा शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली दिलेली आहे. त्याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंपासून अभय दिले, आणि कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती स्थापिली, जिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे. आपल्याकडे ही समिती कौलांची दुरुस्ती नि रंगरंगोटी यांच्या ठरावांवर सह्या करण्यापुरती उरली आहे, ही दुःखाची गोष्ट आहे.

आई तक्रार घेऊन आली म्हणजे बहुधा काय होते? प्रथम तिला विचारले जाते की तुमच्या मुलानेच काही खोडी काढली असेल. मग दोन्ही मुलांना एकत्र उभे करून 'हात मिळवा' असे सांगितले जाते. समबळांच्या भांडणात तडजोड योग्य असते. येथे मात्र एकाला दुसऱ्याची भीती वाटते, आणि त्या भीतीसमोर त्याला हस्तांदोलन करायला लावणे हा नवा जुलूम आहे. तक्रार ज्या दिवशी आली त्याच दिवशी तारखेसह वहीत उतरवावी, दोघांची जबानी वेगवेगळी घ्यावी, पाहणाऱ्या दोन-तीन मुलांना एकेकटे विचारावे, काय ठरविले ते आठवड्याच्या आत त्या मुलाला स्वतः सांगावे, आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा विचारावे. शाळेत दाद लागली नाही तर समितीकडे, तेथून केंद्रप्रमुखाकडे आणि श्रीवर्धनला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करण्यास आईबापांनी संकोचू नये. मुलाच्या जिवाला धोका वाटला तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. अशा शिस्तीने फरक पडतो हे इतरत्र दिसून आले आहे. १९८२ साली उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी छळाला कंटाळून जीव दिला असे समजल्यावर त्या देशाने पुढच्याच वर्षी राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेतली. बर्गेनच्या ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांची ओल्वेउस यांनी दोन वर्षे पाहणी केली, तेव्हा छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेले आढळले. तेथे कोणती जादू झाली नव्हती. मधल्या सुट्टीत शिक्षक अंगणात उभे राहू लागले, वर्गात नियम ठरले, नियम मोडणाऱ्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणे होऊ लागले, इतकेच.

मोबाइलविषयी थोडक्यात सांगतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले त्या वेळी महासाथीमुळे शाळा बंद होत्या, आणि त्याच काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला फोन नंतर त्यांच्या हातून गेला नाही. पूर्वी घराचा उंबरठा ओलांडला की छळ थांबे. आता तो अंथरुणापर्यंत येतो. मुलाने उत्तर देऊ नये, मजकूर पुसू नये, तो मोठ्यांना दाखवावा; आणि मोठ्यांनी त्याचा फोन काढून घेण्याची धमकी देऊ नये, कारण त्या भीतीनेच तो दाखवीत नाही.

जो छळतो तोही मूलच आहे. त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करून अपमानित केले तर, बळ असलेल्याने दुबळ्याला चारचौघांत लाज आणायची असते, हाच धडा शाळेने त्याला पुन्हा एकदा गिरवून दाखविला असे होईल. एखाद्याची वही फाडली असेल तर ती त्याने स्वतः नवी लिहून द्यावी, त्याच्या घरी जाऊन त्याच्यावर कोण हात उगारते याची चौकशी व्हावी, आणि वर्गात त्याच्याकडे असे एखादे काम सोपवावे की ज्यात लहानांना सांभाळावे लागते. ज्या शिक्षकाच्या तोंडी मुलांची टोपणनावे असतात, त्याने या कामाला आरंभ स्वतःच्या जिभेपासून करावा.

यावर वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप मी आदराने ऐकलेला आहे: आम्हीही असेच वाढलो, जग कठोर आहे, पोर दणकट झाले पाहिजे. दर्यावर जाणाऱ्या समाजात कणखरपणाची किंमत कोणालाही नाकारता येणार नाही. परंतु ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा जो आयुष्यभर मागोवा घेतला गेला, त्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की ज्यांनी सात ते अकरा वर्षांच्या वयात वारंवार छळ सोसला, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीतही मानसिक त्रासाचे प्रमाण इतरांहून अधिक होते. चाळीस वर्षांनीही जी जखम भरत नाही तिला दणकटपणा म्हणणे कसे पटावे? कष्टाने, भुकेने, पावसापाण्याने माणूस कणखर होतो, कारण त्यांत त्याची अप्रतिष्ठा नसते आणि सोबतीला आपली माणसे असतात. छळात अप्रतिष्ठा आहे आणि सोबत कोणाचीच नाही.

दिघीच्या आणि आसपासच्या गावांच्या शाळांना माझी सूचना अगदी साधी आहे. व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत कौलांच्या ठरावाआधी एक विषय घ्यावा: संध्याकाळच्या एस. टी.ने कोणती मुले जातात, मागच्या बाकांवर कोण बसते, आणि कोणते मूल अलीकडे पायी जाऊ लागले आहे. वाहकाला बैठकीस बोलवावे, कारण त्याला जे दिसते ते शिक्षकांना दिसत नाही. दहावीच्या दोन विद्यार्थ्यांना आणि दोन विद्यार्थिनींना लहानांच्या जवळ बसण्याचे काम नावानिशी द्यावे. तक्रारीची वही कोणाच्या ताब्यात राहील ते त्याच दिवशी ठरवावे, आणि त्या वहीत काय आले व त्याचे काय केले, हे महिन्याने त्याच समितीपुढे वाचून दाखवावे.